दाजींचा जांभळा उजेड

आखाडा बाळापूर ते वारंगा फाटा या पट्ट्यात जेवढी माणसे राहतात, त्या सगळ्यांनी मिळून मला जेवढे धक्के दिले नसतील तेवढे एकट्या आमच्या दाजींनी दिले आहेत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. मी पडलो जात्याच घाबरट. बाळापूरच्या जनावरांच्या दवाखान्यात माझी नोकरी, हुद्दा ड्रेसरचा. पण खेड्यात ज्याच्या हातात सुई तो डॉक्टर, त्यामुळे मेंढ्यांना लस टोचत वाड्यावस्त्या हिंडताना लोक मला ‘डाक्टर’ म्हणतात आणि मीही ते खपवून घेतो. बैल नुसता फुरफुरला तरी मी मागे सरतो, आणि मागे सरताना पाठीमागच्या बैलाला धडकून पुन्हा दचकतो. असल्या माणसाच्या वाट्याला हे असले दाजी यावेत, यात देवाने नेमका काय विचार केला होता हे मला आजवर उमगलेले नाही. दाजी दिसायला अगदी साधे. बुटका बांधा, रुंद छाती, तेलाचा थेंबही न लागलेले राठ केस, आणि चारचौघांच्या शर्टाच्या खिशात जिथे पेन असते तिथे ह्यांच्या खिशात एक बारकी कानस.

ही कानस म्हणजे दाजींचा तिसरा डोळा. कडक पोलादावर ती नुसती घसरते आणि मऊ लोखंडाला ती चावते, एवढ्या एका ज्ञानावर दाजींनी अख्ख्या जगाची परीक्षा घ्यायचे ठरवले होते. कुणाच्या घरी चहाला गेले की कप हातात यायच्या आत त्यांची कानस घरातल्या विळीवरून फिरलेली असायची. कुऱ्हाडी, अडकित्ते, टांग्याच्या चाकाची धाव, देवळाची घंटा, काही म्हणता काही सुटत नसे. माझ्या लग्नातली गोष्ट सांगतो. मारुतीच्या देवळातून वरात मांडवाकडे निघाली होती, वाजंत्री जोरात होती आणि मी हातात लिंबू खोचलेली कट्यार धरून, जमेल तेवढा शूर चेहरा करून चाललो होतो. ती कट्यार माझ्या सासूबाईंच्या भावाची, त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मिरवलेली. दाजी बाजूने आले, त्यांनी माझ्या हातातून कट्यार घेतली, लिंबू काढून माझ्याच हातात दिले आणि भर वरातीत पात्यावर कानस ओढली. कर्रर्र असा आवाज झाला. वाजंत्री आपोआप थांबली. दाजी उन्हात पाते धरून म्हणाले, “पत्रा हाय हा! निव्वळ पत्रा! मेव्हणे, हे घेऊन तुमी लग्नाला उभं राहून राहिले?” मामेसासऱ्यांचा चेहरा असा काही झाला की मुहूर्त टळतो की काय, असे मला वाटले. अक्काने कपाळाला हात लावला. मी हातातल्या लिंबाकडे बघत उभा होतो.

माणसांनाही ते याच कानशीने मोजत. त्यांच्या लेखी माणसाचे प्रकार तीनच. वरून मऊ तो झिजतो. वरूनही कडक आणि आतूनही कडक तो एक दिवस तडकतो. आणि वरून कडक, आतून मऊ, तो खरा. “तुमची अक्का बराबर हाय,” ते मला कौतुकाने सांगत, “वरून कानस घसरून जाते, पर आत गाभा मऊ हाय.” अक्का हे ऐकून हातातले लाटणे दाखवत असे. माझ्याबद्दल त्यांचे मत मी कधी विचारले नाही. ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

या वेडाचे मूळ औरंगाबादेजवळच्या वाळूजला होते. दाजी मेंढपाळाच्या घरातले. बाप, आजा, पणजा सगळे मेंढरांमागे हिंडलेले. पण हे आयटीआय शिकले आणि तिकडे एका कारखान्यात लागले. तिथे पोलादाचे सुटे भाग कडक करून द्यायचे काम चाले. अक्का आणि दाजी एका खोलीत राहात. नव्वदच्या दशकात एकदा मी दिवाळीनंतर अक्काला भेटायला गेलो, तर मला धड पाणीही पिऊ न देता दाजींनी कारखान्यात नेले. फोरमनची परवानगी काढलेली होती. एका उंच पोलादी टाकीपुढे मला उभे करून ते म्हणाले, “नाक काचेला लावा.” टाकीला वाटीएवढी गोल, जाड काच होती. मी डोळा लावला आणि माझ्या तोंडून ‘आई गं’ निघाले. आत गिअरची चक्रे रांगेत मांडलेली होती आणि प्रत्येक चक्राभोवती जांभळा उजेड दाटला होता. ज्वाळा नाही, धूर नाही, आवाज नाही. दात्यादात्याच्या वळणाने, कुठेही न सुटता, तो उजेड पोलादाला लपेटून होता. इतकी देखणी गोष्ट कारखान्यात असू शकते, यावर माझा विश्वास बसेना.

“आतली हवा पंपानं वढून काढली,” दाजी माझ्या कानाशी सांगू लागले. त्यांचा आवाज एरवी खणखणीत, पण त्या काचेपाशी ते देवळात बोलल्यासारखे बोलत. “मंग नायट्रोजन सोडला जरासा, उलीसा हायड्रोजन. इजेचं एक टोक पोलादाला, दुसरं टाकीला. मंग ती हवाच पेटते अन् पोलादाच्या कातडीत शिरून राहते. नायट्रोजन म्हंजी काय? आपलं नत्र! पिकाला आपण युरियातून देतो, तेच हितं पोलादाला देऊन राहिलो. वरची कातडी अशी कडक होते की कानस लागत न्हाई, अन् आतला गाभा हाय तसा.” मी विचारले, याला किती वेळ लागतो? “दिवस जातो. कधी रातबी जाते. आपल्या रानात इज पडती तवा झाड जाळून मोकळी होती. हितं तीच इज दमानं पडून राहिली, मेव्हणे.” एवढे बोलून त्यांनी मला बाजूला सारले आणि स्वतः डोळा लावला. रोज बघत होते, तरी पुन्हा बघत होते. या प्रकाराला प्लाझ्मा नायट्रायडिंग म्हणतात हे मला त्यांनी जेवताना सांगितले, झोपताना सांगितले आणि सकाळी एस.टी.त बसवून देताना खिडकीतून पुन्हा सांगितले.

त्या कामाने दाजींना आणखी एक खोड लावली. ती म्हणजे स्वच्छता. भट्टीत जाणाऱ्या पोलादाला तेलाचा, बोटाचा, कशाचाही डाग चालत नाही. डाग असला की तेवढ्याच जागी वीज खवळते, ठिणग्या उडतात आणि पोलादाला खड्डे पडतात. म्हणून प्रत्येक तुकडा आधी पेट्रोलने, मग साबणाच्या गरम पाण्याने आणि शेवटी स्पिरिटने धुवायचा. हे ठीकच आहे, पण दाजींनी हा नियम घरीही लागू केला. तेल म्हणजे शत्रू. मुलांच्या डोक्याला तेल नाही, दाराच्या कडीला तेल नाही, आणि दिवाळीच्या पहाटे आमच्याकडे अभ्यंगस्नानाला बसवले तर आधी साबण, मग तेल, मग पुन्हा साबण. माझ्या आईने तेवढ्यावरून जावयाशी दोन दिवस अबोला धरला होता.

हिंगोली परभणीतून फुटून वेगळा जिल्हा झाला त्याच सुमारास सगळ्यांत मोठा धक्का ट्रकमध्ये बसून आला. मी वारंगा फाट्यावर चहा पीत उभा होतो. समोर ट्रक थांबला. मागे दोरखंडांनी बांधलेली एक प्रचंड पोलादी टाकी, आणि टाकीला पाठ लावून, वाऱ्याने केस उभे झालेले आमचे दाजी. कारखान्याने जुनी भट्टी मोडीत काढली होती. दाजींनी ती उचलली आणि नोकरी सोडून तिच्यासकट गावी आले. ट्रकवरूनच ओरडले, “मेव्हणे, आता हितं नायट्रायडिंग!” माझ्या हातातली बशी खाली पडली. फाट्यापासून जवळच दाजींच्या वडिलांच्या शेताची एक पट्टी होती, तिथे त्यांनी पत्र्याची शेड उभारली. फाट्यावर चर्चेला ऊत आला. कुणी म्हणाले दूध थंड करायची टाकी, कुणी म्हणाले दारूची भट्टी. हा दुसरा तर्क पोलिसांपर्यंत पोचला आणि एक हवालदार येऊन टाकीचा सगळीकडून वास घेऊन गेले. दाजींनी सगळ्यांना नत्राची गोष्ट सांगितली, त्याचा परिणाम असा झाला की पलीकडच्या तांड्यावरचे एक गृहस्थ नांगराचा फाळ आणि सोबत युरियाचे अर्धे पोते घेऊन हजर झाले. “लोखंड माझं, खतबी माझंच,” ते म्हणाले, “तुमी फकस्त शिजवून द्या.” दाजींनी त्यांना बसवून घेऊन समजावले, गावच्या साध्या लोखंडाला हे नीट चढत नाही, क्रोमियमचे पोलाद लागते. गृहस्थांनी सगळे ऐकून घेतले आणि जाताना म्हणाले, “मंग डीएपी आनू का?”

शेडच्या दारावर दाजींनी रंगाने लिहिले, ‘तेल लावलेल्यांना प्रवेश नाही.’ आमच्या भागात हे लिहिणे म्हणजे ‘माणसांना प्रवेश नाही’ असे लिहिण्यासारखे. उद्‌घाटनाला सरपंचांना बोलावले होते. ते आले, फेटा बांधून, मिशांना तेल लावून, मिशांची टोके वर वळवून. दाजींनी हार घालायच्या आधी त्यांच्या हातात साबणाची वडी ठेवली. “मिशा धुवून घ्या, मंग आत चला.” मी तिथेच डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा सरपंच हौदावर वाकून खरोखर मिशा धूत होते. दाजींच्या बोलण्यात अशी काही निरागस निकड असायची की माणूस रागवायचे विसरून जाई.

पण एक माणूस होता ज्याच्यावर या निकडीचा काही उपयोग नव्हता. दाजींचे वडील. दाजी त्यांना आबा म्हणत, आम्ही अक्काकडची माणसे मामा म्हणत असू. उंच, काळे, खांद्यावर घोंगडी, आणि दिवसभरात मेंढरांशी जेवढे बोलायचे त्याच्या निम्मेही माणसांशी नाही. लेक मेंढरे सोडून कारखान्यात गेला तेव्हा ते काही बोलले नव्हते. लेक परत येणार हे कळले तेव्हा, लसीच्या दिवशी, मला आपणहून म्हणाले होते, “डाक्टर, आता मेंढरामागं दोगं असू.” लेक आला तो टाकी घेऊन. आणि ज्या पट्टीत ते कळप बसवायचे तिथेच त्याने खांब रोवले. मामांनी खांबांकडे पाहिले आणि सगळ्यांसमोर सांगितले, “ह्या पत्र्याच्या सावलीत मी पाय ठेवणार न्हाई.” आणि मेंढरे घेऊन निघून गेले.

दाजींचे तोंड उतरलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. हवालदार आला, लोक हसले, त्याचे त्यांना काहीच वाटले नव्हते. त्यांना जगाकडून दुसरे काही नको होते. आबांनी एकदा आत यावे, काचेला डोळा लावावा, आपण इतकी वर्षे कशापायी दूर राहिलो ते त्यांनी बघावे, एवढेच हवे होते. मला म्हणाले, “आबा वरून कडक हाय, मेव्हणे. आतलं मला कधी कळलंच न्हाई.” मग बापाचा हट्ट लेकात उतरला. त्यांनीही जाहीर केले, “मेंढरांच्या उन्हाळ्याआधीच्या कातरणीपर्यंत आबा शेडात आले न्हाईत, तर टाकी भंगारात अन् मी वापस वाळूजला.” कंपनी त्यांना परत घ्यायला तयारच होती. अक्का मात्र हादरली. इतकी वर्षे एका खोलीत काढून ती कुठे अंगणात आली होती, कढीपत्त्याचे रोप लावून बसली होती. ती मला म्हणाली, “दोगं बाप-लेक मिळून माझं घर मोडून राहिले, अन् तू नुसता दचकून राहिला!”

दाजींनी ठरवले की भट्टीचा पहिला घाणा आबांच्या कातरीचा. मेंढ्यांची लोकर कातरायची ती लांब पात्यांची कातर. जुनी कातर गावच्या लोखंडाची, दर चार मेंढ्यांमागे दगडावर घासावी लागे. दाजी वाळूजहून आणलेल्या पोलादाची नवी पाती घडवणार आणि त्यांना जांभळ्या उजेडात घालणार. पण माप हवे, आणि मामा तर कातर कुणाच्या हातात देत नसत. हे काम दाजींनी माझ्यावर सोपवले. लसीच्या दिवशी मामा एका मेंढीला गुडघ्यात धरून बसले होते तेव्हा मी कातर वर्तमानपत्रावर ठेवून तिच्या कडेने पेन्सिल फिरवू लागलो. मामा मान न वळवता म्हणाले, “डाक्टर, मेंढराला पेपर वाचून दाखवून राहिले का?” मी म्हणालो, “न्हाई मामा, तारीख बघून राहिलो.” त्यांनी मेंढीची कूस बदलली. आता वाटते, त्यांना सगळे कळले होते.

पाती तयार झाली. आता प्रश्न विजेचा. ते दिवस भारनियमनाचे. लाइट कधी जाईल ते सांगायचे पण कधी येईल ते सांगायला कुणी बांधील नसे. आणि घाणा मध्येच बंद पडला तर सगळे वाया. म्हणून दाजींनी जुन्या ट्रकचे इंजिन लावून जनरेटर उभा केला होता. तो सुरू झाला की फाट्यावरच्या हॉटेलांतल्या बरण्या थरथरत. पण डिझेल महाग, म्हणून घाणा सुरू करायचा लाइटीवर आणि लाइट मध्येच गेली तरच जनरेटर लावायचा. ठरल्या दिवशी सकाळीच दाजींनी पाती धुतली. पेट्रोल, साबण, स्पिरिट. हातात पांढरे मोजे घालून ती तारेने टांगली, त्यांच्यावर स्वच्छ धुतलेले धोतर झाकले आणि टाकीचे झाकण वर तसेच लटकत ठेवून आम्ही लाइटीची वाट बघत बसलो. लाइट येईना. शेवटी अक्काने जेवायला बोलावले, म्हणून आम्ही घरी गेलो. घास हातात होता तोच फाट्यावरून आरडाओरडा झाला, लाइट आली! दाजी ताटावरून उठून धावले, मी त्यांच्यामागे. त्यांनी धोतर ओढून बाजूला टाकले, झाकण खाली घेतले, बोल्ट आवळले आणि पंप सुरू केला.

काचेतून आधी अंधार दिसत होता. मग पात्यांच्या कडेने जांभळी रेघ उमटली आणि दाजींनी माझा खांदा इतका जोरात दाबला की मी ओरडलो. पण तो उजेड स्थिर होईना. तो थरथरत होता, मध्येच विझत होता. आणि मग पात्याच्या बुडाशी, जिथे खिळ्यासाठी भोक पाडले होते तिथे, पांढरी लखलखीत ठिणगी उडाली. मग दुसरी. टाकीतून चाबूक ओढल्यासारखे आवाज येऊ लागले. मीटरचे काटे खाली पडले, पुन्हा चढले, पुन्हा पडले. दाजींनी वीज कमी केली, गॅस कमी केला, पंपावर हात ठेवून त्याला अक्षरशः विनवले. ठिणग्या थांबेनात. शेवटी त्यांनी खटका बंद केला. घामाने भिजलेला चेहरा माझ्याकडे वळवून ते म्हणाले, “मेव्हणे, तुमी तेल लावून आलते?” मी बायकोची, नोकरीची, पोराबाळांची शपथ घेतली.

टाकी गार झाल्याशिवाय उघडता येत नाही. दुपारभर दाजी खाली बसून होते. बाहेर दारात अक्का उभी होती. कातरणी तोंडावर आली होती आणि भंगारवाल्याचा ट्रक फाट्यावरून रोज जात होता. उन्हे कलल्यावर दाजींनी झाकण वर घेतले, आणि आतून वास आला. जळक्या हळदीचा. पात्याच्या बुडाला काळे खड्डे पडले होते, आणि भोकाच्या मागच्या बाजूला, जिथे धग कमी लागली होती तिथे, पिवळे काहीतरी करपून चिकटले होते. दाजींनी मोजा काढला, नखाने ते खरवडले, हुंगले आणि जिभेला लावले. “भंडारा,” ते म्हणाले.

त्यांच्या घरात नवी कातर मेंढराला लावण्याआधी तिच्यावर खंडोबाच्या भंडाऱ्याची चिमूट पडते आणि ‘येळकोट’ म्हटले जाते. ही चिमूट घरातला कर्ता पुरुषच टाकतो, दुसऱ्या कुणाचे ते कामच नाही. अक्काने दारातून पाहिले आणि तोंडावर पदर धरला. आम्ही जेवायला गेलो होतो तेवढ्यात कुणीतरी शेडमध्ये आले होते, धोतर उचलून भंडारा लावून, धोतर परत नीट झाकून गेले होते. आता दाजी काय करतील, या कल्पनेने मी भिंतीला टेकलो. बोटाचा ठसा उमटला म्हणून वाळूजला एका साहेबाला हाकलून देणारा हा माणूस. पण दाजी ते पाते छातीशी धरून खाली बसले आणि ढसाढसा रडू लागले. मला वाटले, संपले सगळे. तर ते रडता रडता हसत होते. “आबा आलते, मेव्हणे! माझ्या शेडात आबा आलते!” जन्मात मला इतका मोठा धक्का बसला नव्हता. मीही रडलो, ते कशासाठी ते मला तेव्हा नीट कळलेही नाही.

संध्याकाळी आम्ही दोघे कळपाकडे गेलो. मामा कोकरांना आयांच्या खाली सोडत होते. त्यांनी वर न बघता विचारले, “चालली का तुझी टाकी?”

“न्हाई आबा. बंद पडली.”

“काहून?”

पोलादाच्या बाबतीत दाजींनी कधी कुणाची भीड ठेवली नव्हती. माझ्या मामेसासऱ्यांची ठेवली नाही, सरपंचांची नाही. त्यांनी एका कोकराच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, “इजेनं दगा दिला. होल्टेज कमी पडलं.”

“मला वाटलं...” मामा म्हणाले आणि थांबले. एक कोकरू चुकीच्या मेंढीला लुचत होते, त्याला उचलून त्यांनी दुसरीकडे ठेवले. “मंग परत कवा लावतो?”

“तुमी म्हनाल तवा. पर आबा, एक तकलीफ हाय. टाकी झाकली की तिच्यावर बाहेरून भंडारा टाकायला घरचं मोठं माणूस लागतं. आत न्हाई, बाहेरून. त्याबिगर ती चालायची न्हाई.”

मामांनी घोंगडी सावरली. “पत्र्याच्या सावलीत पाय ठेवणार न्हाई, असं मी बोलून बसलो.”

“मंग पत्रा काढतो,” दाजी म्हणाले.

मला वाटले बोलण्याची रीत. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर दाजी शेडवर चढलेले आणि दारापासून टाकीपर्यंतचे पत्रे एकेक करून खाली टाकत होते. स्वच्छतेसाठी सरपंचांना मिशा धुवायला लावणाऱ्या माणसाने शेडचे आभाळ उघडे केले होते. धूळ, वारा, कडुनिंबाची पाने, सगळे आत. मग ते दिवसभर टाकी पुसत बसले. पाती नवी घडवली, धुतली, टांगली, झाकण लावले, बोल्ट आवळले. मामा आले. उन्हाच्या पट्ट्यातून चालत आले, दोन्ही बाजूंच्या सावलीला पाऊल लागू न देता. याआधी एकदा ते इथे येऊन गेल्याचे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते आणि आम्हाला ते ठाऊक असल्याचे बहुधा त्यांनाही. त्यांनी कमरेच्या पिशवीतून भंडारा काढला, टाकीच्या झाकणावर टाकला आणि ‘येळकोट’ म्हणाले. दाजींनी खटका दाबला.

उजेड स्थिर झाला तेव्हा दाजींनी त्यांना काच दाखवली. मामांनी ऊन अडवायला घोंगडी डोक्यावरून ओढली आणि डोळा लावला. ते बराच वेळ वाकून उभे होते. आम्हाला फक्त घोंगडी दिसत होती. मग आतून आवाज आला, “हे गार हाय का ऊन?”

“लई ऊन हाय, आबा.”

“दिसून तर गार राहिलं.” घोंगडी जरा सरकली. “अन् हे असं किती दिवस लावता येतं?”

“हात चालतील तवर.”

“मंग वापस जाऊ नको,” मामा घोंगडीतूनच म्हणाले.

अक्का दारातून वळून घरात गेली. तिच्या चुलीवर भाकरी करपत असल्याचे तिने सांगितले, पण मला करपल्याचा वास आला नाही.

ती कातर राखाडी रंगाची, मऊ दिसणारी निघाली आणि दाजींची कानस तिच्यावरून सटकली. मामांनी ती हातात घेतली, फिरवून पाहिली आणि पहिल्याच मेंढीला हात लावायच्या आधी सवयीने खाली बसून दगडावर घासली. ती सगळी कडक कातडी केसाहून जाड नव्हती. दोनदा घासताच गेली. मी घाबरून दाजींकडे पाहिले. दाजी कौतुकाने वडिलांकडे पाहात होते. पुढे दर कातरणीला त्यांनी नवी पाती घडवली, मामांनी दर वेळी दगडावर घासली, आणि दाजींनी त्यांना एकदाही अडवले नाही. शेड मात्र चालली. ऑइल मिलचे भाग येत, हिंगोलीच्या जिनिंगचे येत, नांदेडकडूनही कामे येत. आणि घाणा लागला की मामा मेंढरे फाट्याकडे वळवत, घोंगडी ओढून काचेपाशी उभे राहात आणि निघून जात. कुणी विचारले तर सांगत, “लेकाचं बघून आलो.”

काही वर्षांनी मामा गेले. थंडीत दोन दिवस पडून राहिले आणि गेले, फारसा त्रास कुणाला दिला नाही. दहाव्याला नदीवर सगळे भाऊबंद जमले. पिंडाला कावळा लगेच शिवला, म्हणून मंडळी समाधानाने जेवायला घरी आली. पंगत बसायची वेळ झाली तरी दाजी दिसेनात. तेवढ्यात शेडकडून पंपाचा आवाज येऊ लागला. सुतकात, दहाव्याच्या दिवशी, ह्यांनी घाणा लावला! पाहुणे एकमेकांकडे बघू लागले आणि मी लाजेने अर्धमेला होऊन शेडकडे पळालो. दाजी मुंडण केलेल्या डोक्याने टाकीजवळ उभे होते. मी म्हणालो, “दाजी, आज? कुणाचं एवढं निकडीचं काम आलं?” त्यांनी मला हाताने काचेकडे जा म्हणून खुणावले. मी डोळा लावला. आत ना गिअर होते, ना पाती. चक्रे मांडायच्या रिकाम्या तबकाला उजेड लागला होता, तेवढाच.

“आत काय लावलं, दाजी?”

“काईच न्हाई,” ते म्हणाले. “आबाला बघायला आवडायचं.”

मी पुन्हा डोळा लावला, कारण दाजींकडे बघणे मला शक्य नव्हते. मग मी सरलो आणि ते वाकले. ते सरले आणि मी वाकलो. घरून अक्काने जेवायला हाका मारल्या, आम्ही कुणीच ओ दिली नाही. शेवटी ती स्वतःच रागाने आली, आमच्याकडे पाहिले, पदराने हात पुसले आणि तिनेही काचेला डोळा लावला.